गार भिंत

मागच्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, पुंडलिकनगरमधलं आमचं घर अठ्ठावन्न लाखांना विकायचं ठरलं आणि एक लाख एक हजार रुपये इसार मिळाला. हजर होतो सहाजण: घर ज्यांच्या नावावर होतं ते माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मी, माझी बायको, घर घेणारा मुलगा, त्याची आई, आणि एजंट. चहा मात्र सात कप झाला. बायकोनं नंतर सांगितलं, त्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवताना तिचा हात अजून आईला धरूनच पाणी घेतो. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

घर विकायचं कारण अण्णांचे गुडघे. गच्चीचा जिना चढवत नव्हता, आणि पाणी आलं की मोटार लावायला, पाईप ओढायला उठबस होत नव्हती. आम्ही राहतो चिकलठाण्याला, तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे. तीन वर्षं मी त्यांना चला म्हणत होतो. दिवाळीत ते अचानक म्हणाले, "काढून टाक घर." मला बरं वाटलं. ते पुन्हा विचार बदलतील म्हणून मी घाई केली आणि दोन आठवड्यांत गिऱ्हाईक आणलं.

घर घेणारा मुलगा पैठण रोडला, चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. घर त्यानं तीनदा पाहिलं होतं, पण तिन्ही वेळा ड्युटी सुटल्यावर, दिवे लावून. त्याची आई पहिल्यांदाच आली होती. गावाकडची बाई, साठीच्या पुढची, शेती अजून स्वतः बघणारी. इसाराची पावती तिनं घडी करून बटव्यात टाकली आणि उठून उभी राहिली.

"आता घर दाखवा."

एजंट हसला. "मावशी, आधी घर बघतात, मग इसार देतात."

"त्ये पोरानं बघितलंय. पोरगा पंखे मोजून आला. मला भिंती बघू द्या."

मुलगा ओशाळून म्हणाला, "आई, पंखे नाय, पॉइंट मोजले मी."

"तेच त्ये."

सगळे हसले, अण्णाही. ते तिला घर दाखवायला स्वतः उठले. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी झटकला. पुढची खोली, स्वयंपाकघर, देवघराचा कोनाडा, असं दाखवत ते चालले होते. बाई म्हणाली, "सून म्हायेरी गेलीय, दिवस भरत आलेत तिचे. सव्वा म्हैन्यानं लेकरू घिऊन यील. तिला कोनती खोली द्यावं त्ये बघते."

"मागची द्या," अण्णा म्हणाले. "शांत आहे. उन्हाळ्यात कूलर लागत नाही. आमच्या घरातल्यांची तीच होती."

घरातले म्हणजे माझी आई. हे वाक्य त्यांनी अभिमानानं म्हटलं होतं.

मागच्या खोलीच्या दारात बाई थबकली. नाकाला पदर लावला नाही, उलट पदर बाजूला केला.

"हितं धान्य ठेवता का तुम्ही?"

"धान्य कुठलं हो आता, एकटा माणूस."

"मग वास कशाचा?"

माझी बायको म्हणाली, "खोली बंदच असते ना मावशी, म्हणून."

"बंद खोलीचा वास मला म्हाईत हाय. ह्यो तसा नाय. आमच्याकडं पहिलं जमिनीत ज्वारीचं पेव असायचं. त्यात पावसाचं पानी शिरलं, अन् नंतर पेव उघडलं, की असा वास सुटायचा. मोठी मानसं घटकाभर कुनाला आत उतरू देत नव्हती." मग तिनं खोलीभर नजर फिरवली आणि आईच्या कपाटाकडे बोट केलं. "ह्ये हलवा जरा."

"ते हलवत नाहीत," अण्णा म्हणाले.

खरंच हलवत नव्हतो. दर दिवाळीला घर रंगवायचो, पण रंगारी कपाटाच्या कडेनं ब्रश फिरवून पुढं जायचा. कपाट जड, आणि ते हलवायचं तर आतलं सामान काढायला आई कोणाला हात लावू देत नसे. ती गेल्यावर किल्ली अण्णांच्या जानव्याला आली आणि कपाट जसंच्या तसं राहिलं.

"अण्णा, घर आमी घेनार, कपाट तुमी नेनार," बाई समजुतीनं म्हणाली. "आज नाय तर उद्या हलनारच की."

अण्णा पलंगाच्या कडेवर बसले आणि मला मान हलवून खूण केली. मी आणि त्या मुलानं कपाट एकेका पायावर पुढं ओढलं.

मागची भिंत काळी होती. जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत. कडांना हिरवट, मध्ये मध्ये पिंजलेल्या कापसासारखं पांढरं. गिलावा फुगला होता. मुलानं बोट लावलं तर तळहाताएवढा पोपडा खाली पडला आणि त्याच्या आत, विटेवरही तेच काळं. कपाटाची पत्र्याची पाठ गंजून तिला भोकं पडली होती. त्या भोकांतून आईच्या साड्यांच्या घड्या दिसत होत्या. कडेनं काळ्या पडलेल्या.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी पलंगही ओढला. पलंगाचं डोकं त्याच भिंतीला होतं, कपाटाला लागून. भिंतीचा रंग सुटून केसांत येतो म्हणून आईनं उशाच्या मागे एक जुनी गोधडी आडवी खोचून ठेवली होती. ती तीन वर्षं तशीच होती. ती ओढली तेव्हा भिंतीला चिकटलेली निघाली.

 मग बाईनं विचारलं, "हितं कोन झोपायचं?"

"आमच्या घरातले," अण्णा म्हणाले.

"खोकला व्हता का त्यांना?"

तिचा हेतू वाईट नव्हता. मनात आलं ते तिनं विचारलं. मी "वयोमानानं थोडासा" असं काहीतरी म्हणणार होतो, तेवढ्यात अण्णांनी उत्तर दिलं.

"व्हता. सहा वर्षं."

अण्णा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. कागदासारखं नीट बोलतात. 'व्हता' असं ते फक्त त्यांच्या आईशी बोलायचे, असं मी लहानपणी ऐकलेलं आहे.

या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आता सांगतो. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मागच्या बाजूला एक सांद आहे, साडेतीन फुटांची. चौदा वर्षांपूर्वी अण्णांनी त्या सांदीत हौद बांधला. आठ फूट लांब, तीन रुंद, चार उंच. म्हणजे सुमारे सत्तावीसशे लिटर. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही हे इथं राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. किती दिवसांनी येतं ते वर्षावर अवलंबून असतं. आईचं सगळं आयुष्य त्या दिवसाभोवती फिरत होतं. लग्नकार्याला जाताना ती आधी पाण्याचा दिवस विचारायची. पिंप, घागरी, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायची. एका उन्हाळ्यात गल्लीतल्या टँकरवर तिचं आणि एका शेजारणीचं जोरात भांडण झालं, आणि घरी येऊन ती रडली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावला.

हौदाला तीन भिंती बांधल्या. चौथी घराचीच होती. आयती.

हौद पहिल्यांदा भरला तेव्हा आई काठाशी उभी राहून हसत होती. "आता पानी गेलं तरी मी नाय घाबरत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दुपारी लुगड्याचा पदर खोचून हौद घासायची. शेजारणींना बादलीभर द्यायची, भांडण झालेल्या शेजारणीलाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला देवघराच्या आधी हौद दाखवत असे.

आणि मग मागची खोली गार लागायला लागली. मे महिन्यात बाहेर पाय भाजायचे, आणि आईच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलं की अंगात गारवा शिरायचा. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही म्हणून तिचं उसं दक्षिणेला, म्हणजे त्याच भिंतीला. ती आडवी पडून एक तळहात भिंतीला लावून ठेवायची. माझी मुलगी सुट्टीत आली की आजीच्या भिंतीसाठी हट्ट करायची. "सरक गं म्हातारे, मला पण लावू दे." आई म्हणायची, "माझी भिंत हाय. तुझ्या बापाला सांग, तुला दुसरी बांधून दील."

खोकला हौदानंतर पाचेक वर्षांनी सुरू झाला. दमा निघाला. डॉक्टर चांगले होते, औषधं बरोबर होती. पंप दिला, धुळीपासून जपा म्हणाले, वासांपासून जपा म्हणाले. आम्ही जपलं. उदबत्ती बंद केली. दारातला मोगरा काढून टाकला, तिनं लावलेला होता. मिरचीच्या फोडणीनं उबळ येते म्हणून तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायचो नाही. "तुम्ही पडा आत," असं माझी बायको प्रेमानं म्हणायची. रस्त्याची धूळ नको म्हणून मागच्या खोलीची खिडकी मी स्वतः सिलिकॉन लावून बंद करून घेतली. तिला आवडणाऱ्या बहुतेक सगळ्या गोष्टी एकेक करून आम्ही घरातून काढल्या, आणि तिला त्या खोलीत आरामात ठेवलं.

ती चिकलठाण्याला आमच्याकडे आठ दिवस आली की खोकला निम्मा व्हायचा. आम्ही म्हणायचो, हवापालट. राहा म्हणायचो. पण पाण्याचा दिवस जवळ आला की तिची चुळबूळ सुरू. "ह्यांना एकट्याला नाय जमत. मोटार लावतील अन् पेपर वाचत बसतील. सगळं वाहून जाईल." मी तिला स्कूटरवर मागे बसवून परत पुंडलिकनगरला सोडायचो.

त्या रविवारी पाहुणे गेले. जाताना मुलगा एवढंच म्हणाला की फोन करतो. एजंट मात्र मागे रेंगाळला. मला गेटपाशी घेऊन तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी मला विचारायला पाहिजे होतं. दोन कोट वॉटरप्रूफ पुट्टी, वर पीव्हीसीचं पॅनल, चार दिवसांत चकाचक. म्हातारीला पत्ता लागला नसता."

"आता लागला."

"हा गेला तर जाऊ द्या, दुसरं गिऱ्हाईक बघू. पण आधी पॅनल मारून घ्या."

आत आलो तर अण्णा त्याच खोलीत पलंगावर आडवे झाले होते. पलंग मी पुन्हा भिंतीला लावला नव्हता. तो त्यांनी एकट्यानं, त्या गुडघ्यांनी, ढकलून लावला होता. डोकं दक्षिणेला.

"अण्णा, उठा. पुढच्या खोलीत चला."

"पडू दे."

"इथं बुरशी आहे."

"म्हणूनच पडलोय. मला बघू दे."

काय बघायचं होतं ते मला लगेच कळलं नाही. आठवडाभर ते दुपारी-रात्री तिथंच झोपले. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी तिथं राहायला गेलो, तिथूनच ऑफिसला जात होतो. ते सकाळी उठले की माझ्यासमोर मुद्दाम खोल श्वास घ्यायचे, दोनदा, तीनदा, छातीवर हात ठेवून. चौथ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "मला काही होत नाही बघ. एकदाही ठसका नाही."

आवाजात आशा होती. तोवर मला समजलं होतं. त्यांना खोकला झाला नाही तर भिंत निर्दोष, आणि भिंत निर्दोष तर हौद निर्दोष.  मला हिशेबाची सवय आहे, कारखान्यातल्या माणसांचे ओव्हरटाइम मी वर्षानुवर्षं तपासत आलो आहे. तरी त्या गणितात बोट दाखवायला माझी जीभ उचलली नाही.

त्यांनीच हट्ट धरला म्हणून आम्ही आईच्या डॉक्टरांकडे गेलो. मी मोबाइलवर काढलेले भिंतीचे फोटो दाखवले. डॉक्टरांनी ते मोठे करून नीट पाहिले.

अण्णांनी विचारलं, "यानंच झालं का?"

"आता नक्की सांगता येणार नाही, काका. त्यांना दमा आधीपासूनही असू शकतो."

"वाढला का यानं?"

"वाढू शकतो."

"मी आठ दिवस तिथंच झोपतोय. मला नाही झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "एकाला होतं, एकाला नाही होत. तुम्हाला झालं नाही यावरून त्यांचं काही ठरत नाही. आणि तुम्ही तिथं झोपू नका."

अण्णा उठले. फी देण्यासाठी पाकीट काढलं. डॉक्टर नको म्हणाले, तरी त्यांनी तीनशे रुपये टेबलावर ठेवले.

घरी येताना रिक्षात मी ते बोललो, जे मला खरं आठवत होतं. हौद बांधायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मिस्त्री खर्च सांगत होता. पैसे कमी पडत होते. तेव्हा आईच म्हणाली होती, "चौथी भिंत कशाला? घराची हाय की आपली." मी तिथं होतो. मिस्त्री म्हणाला होता, "वैनी, तुमी तर माझ्यापेक्षा हुशार निघाल्या." सव्वीसशे रुपये वाचले होते.

"ती कल्पना आईची होती, अण्णा. तुमची नव्हती."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. 

"म्हणाली असेल. बांधला मी."

"पण..."

"तिच्यावर घालू नको. तिला काय माहीत पाणी कुठून कुठं जातं? मी पस्तीस वर्षं कालव्याच्या पाझराच्या फायली लिहिल्या. टक्केवारी लिहिली. मातीचं किती, दगडाचं किती. मला माहीत होतं." मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "मला माहीत होतं ना रे ते!"

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.  त्यांचं ओझं कमी व्हावं म्हणून मी खरं बोललो होतो, आणि त्यांनी ते तिच्या अंगावरून उचलून स्वतःकडे ओढून घेतलं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. चार लाख कमी करा, नाहीतर इसार परत द्या. मी बायकोशी बोलून तीनपर्यंत तयार झालो होतो. मला त्या घरातून अण्णांना बाहेर काढायचं होतं, बाकी काही नाही. पण फोन अण्णांनी मागितला.

"तुमच्या आईला द्या."

पलीकडून बाईचा आवाज मला ऐकू येत होता. "बोला अण्णा."

"सुनेला त्या खोलीत झोपवू नका."

"नाय झोपवत. पर घर घ्यायचं का नाय त्येच ठरंना झालंय."

"घ्या नाहीतर घेऊ नका. मी आधी हौद पाडतो. भिंत विटेपर्यंत खरवडतो, वाळू देतो. होळीला येऊन बघा. तोवर तुमचा इसार हवा तर घेऊन जा."

 "इसार राहू द्या," बाई म्हणाली. "होळीला येते. पर हौद पाडताय तर पान्याचं काय? आमाला बी पानी भरून ठिवावंच लागंल की."

 "ते बघू," अण्णा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

हौद पाडायला मिस्त्री आला तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता, तीन दिवसांपूर्वीच पाणी आलं होतं. मिस्त्री म्हणाला, "काका, खालून भोक पाडतो, गटारीत जाईल अर्ध्या तासात."

"गटारीत?" अण्णा म्हणाले. "थांब."

ते काठी टेकत गल्लीत गेले आणि दारोदार सांगून आले. बायका घागरी, बादल्या, पिंप घेऊन आल्या. सांदीत एका वेळी एकच माणूस मावतो, म्हणून मी आत उभा राहून बादलीनं भरून देत होतो आणि अण्णा गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते. टँकरवर आईशी भांडलेली ती शेजारीण पण आली. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. तिनं भरलेली घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "वैनींचा हौद पाडताय व्हय अण्णा? लई जीव व्हता त्यांचा ह्याच्यावर."

"व्हय," अण्णा म्हणाले.

तिला कुणी कारण सांगितलं नव्हतं. अण्णांनीही सांगितलं नाही. ती घागर उचलून गेली, आणि ते गेटकडे पाठ करून बसले.

पाणी तळाला गेलं तेव्हा घराच्या भिंतीवरचा सिमेंटचा थर दिसला. त्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवी चीर होती, करंगळीसुद्धा जाणार नाही एवढी. चौदा वर्षं सांदीतल्या त्या अंधारात ती कुणाला दिसली नव्हती. आई आत उतरून हौद घासायची, तिलाही नाही. मिस्त्रीनं घण घातला. दुपारपर्यंत तीन भिंती खाली आल्या. चौथी उभीच राहिली, घराची होती म्हणून.

कपाट मी रिकामं केलं. अण्णा म्हणाले, साड्या बघायच्या नाहीत मला. वरच्या खणातल्या अकरा चांगल्या निघाल्या, त्या बायकोनं ठेवल्या. खालच्या खणातल्या चौदा गेल्या. त्यात हौद भरला त्या वर्षीच्या संक्रांतीला अण्णांनी आणलेली काळी चंद्रकळा होती. काळ्यावर काळं दिसत नव्हतं, पण हात लावला की फाटत होती. गोधडी मी कुणालाही न विचारता जाळून टाकली.

अण्णा चिकलठाण्याला आले. भिंत वाळत होती तोवर दर रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर पुंडलिकनगरला जायचो, तीच स्कूटर, तीच मागची सीट. मी खिडकीचं सिलिकॉन कापून ती उघडी केली होती. अण्णा उघड्या विटांना तळहात लावून उभे राहायचे. डिसेंबरात ते म्हणायचे, "गार आहे अजून." जानेवारीत म्हणाले, "गार आहे." फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.  मी हात लावून पाहिला. भिंत बाकीच्या भिंतींसारखी होती, उन्हानं जराशी कोमट. ते पलंगाच्या जागी उभे राहिले आणि रडले. आई गेली तेव्हा ते माझ्यासमोर रडले नव्हते. मी बाहेर सांदीत जाऊन उभा राहिलो.

होळीला बाई आली. बरोबर मुलगा, सून आणि तीन महिन्यांची नात. बाईनं आधी नाक लावलं, मग हात, मग गिलावा न केलेल्या विटांवर नखानं ओरखडा काढून पाहिला.

"वाळली," ती म्हणाली. मग अण्णांकडे वळून, हळू आवाजात, "कुनाला कळतं हो अण्णा? आमच्याकडं बी पेवात उतरलेला मानूस गेला व्हता. पेव त्याच्याच बापानं खांदलं व्हतं."

अण्णांनी हात जोडले. सांत्वन म्हणून की पुरे म्हणून, मला कळलं नाही.

सौदा साडेछप्पन्न लाखांवर पक्का झाला. दीड लाख मुलानं पाडूनच घेतले, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बँकेच्या कर्जाचा चेक आणि उरलेली रक्कम धरून सगळे पैसे मार्चअखेर, खरेदीखताच्या दिवशी, अण्णांच्या खात्यात आले. हौद पाडणं, राडारोडा उचलणं आणि भिंत खरवडणं याचे एकवीस हजार आम्ही डिसेंबरातच दिले होते. एजंटाचं कमिशन दिलं.

बाईला पाणी साठवायला हौद हवाच होता, आणि जागा तेवढीच. तिनं त्याच मिस्त्रीला काम दिलं: सांदीतच, थोडा अरुंद, घरापासून हात जाईल एवढी फट सोडून, चारही भिंती हौदाच्या स्वतःच्या. खर्च त्यांचा होता, आमचा काही संबंध उरला नव्हता. तरी अण्णांनी मिस्त्रीला चिकलठाण्याला बोलावून घेतलं आणि विचारलं की घराच्या बाजूच्या एका भिंतीचे, आतून-बाहेरून गिलाव्यासकट, किती होतात. त्यानं हिशेब करून आठ हजार चारशे सांगितले. अण्णांनी पेन्शनमधले पैसे काढून आणले होते. घासाघीस न करता, माझ्यासमोर मोजून, चौथ्या भिंतीचे आठ हजार चारशे रुपये त्यांनी मिस्त्रीच्या हातात दिले.